आकाशवाणीची सूचना आणि गावची दवंडी

चक्रीवादळाची सूचना आकाशवाणीवरून दिली गेली म्हणजे गाव सुरक्षित झाले, असे मानणे धोक्याचे आहे. सूचना कानी पडणे, तिचा अर्थ कळणे, तिच्यावर विश्वास बसणे आणि त्याप्रमाणे काम होणे, अशा या चार पायऱ्या आहेत. नभोवाणी केंद्र आपल्याला पहिल्या पायरीपर्यंत आणून सोडते. पुढील तीन गावातील कार्यकर्त्यांनीच चढावयाच्या असतात.

भोला वादळाचा धडा

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आदळले. समुद्राचे पाणी बेटांवर चढले व सुमारे तीन लाख किंवा त्याहूनही अधिक माणसे प्राणास मुकली, असा अंदाज आहे. रेडिओवरून सूचना मिळाली नव्हती असे नाही. मागाहून केलेल्या पाहणीत, वादळ येणार हे बहुतेकांस ठाऊक होते, परंतु पक्क्या आसऱ्यास फारच थोडे गेले, असे आढळून आले. आदल्याच महिन्यातील वादळाने मानाने कमी हानी केली होती; त्यामुळे लोक गाफील राहिले. शिवाय जावे कोठे, हेही ठरलेले नव्हते.

यावरून बोध घेऊन १९७२ पासून तेथे रेडक्रॉसच्या साहाय्याने गावोगाव स्वयंसेवक पथके उभारण्यात आली. पथकाजवळ ट्रान्झिस्टर व हातातील कर्णा असे. रेडिओ ऐकावयाचा आणि घरोघर जाऊन सांगावयाचे, हे त्यांचे काम. तरीही १९९१ च्या वादळात लाखाहून अधिक बळी गेले, कारण आसरे अपुरे होते. आसरे वाढले, पथके वाढली, तेव्हा २००७ च्या सिद्र वादळात बळींची संख्या काही हजारांवर आली.

आपला किनारा

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. विजेचे खांब मोडून पडले, मोबाईल मुके झाले. अशा वेळी सेलवर चालणारा साधा रेडिओ उपयोगी पडतो, कारण त्यास गावातील विजेची वा मनोऱ्याची गरज नसते.

हवामान खाते चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारणतः ४८ तास आणि धोक्याची सूचना २४ तास अगोदर देते. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, आणि तांबडा म्हणजे कृती करा.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. ग्रामपंचायतीत एक सेलचा रेडिओ व जादा सेल ठेवावेत. आपल्या गावी कोणते केंद्र स्पष्ट ऐकू येते, ते आधीच पाहून ठेवावे.

२. रेडिओ कोणी ऐकावा, दवंडी कोणी द्यावी, आणि वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रियांना कोणी हलवावे, हे नावानिशी ठरवावे.

३. सूचना जशीच्या तशी सांगावी. तिच्यात तिखटमीठ घालू नये. मोबाईलवरून फिरणाऱ्या बातमीची खात्री तहसील कचेरीत किंवा पोलीस पाटलाकडे करून घ्यावी.

४. होड्या ओढून वर बांधाव्यात. कापलेले पीक झाकावे. बियाणे व कागदपत्रे उंचावर ठेवावीत. पंपाची वीज बंद करावी. पाणी चढण्याचा धोका असल्यास जनावरांची दावी सोडावीत.

५. वारा एकाएकी पडला तरी बाहेर पडू नये. वादळाचा मध्य डोक्यावर असता असेच होते, आणि थोड्याच वेळाने वारा उलट दिशेने उसळतो. धोका टळल्याची अधिकृत सूचना ऐकूनच घरी परतावे.

वादळ वाट बदलून गेले, तर सूचना खोटी ठरली असे कोणी म्हणेल. त्यास शांतपणे सांगावे की, एक दिवसाची मजुरी बुडाली, पण घरातील माणसे शाबूत आहेत.

१९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांत ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला होता. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे अशा मंडळांचे ब्रीद होते. वादळाच्या वेळी चर्चेस अवसर नसतो. ती मे महिना उजाडण्यापूर्वी ग्रामसभेतच उरकून घ्यावी. म्हणजे सूचना कानी पडताच हात कामास लागतील.