हिरड्यांतून येणारे रक्त : वेळीच ओळखावयाची सूचना

वय झाले की दात पडणारच, असे आपण सहज बोलून जातो. घरातील वडीलधाऱ्यांची बोळकी पाहून हा समज लहानपणापासूनच पक्का झालेला असतो. वस्तुस्थिती तशी नाही. मोठ्या माणसांचे दात जातात ते मुख्यतः दातांची कीड आणि हिरड्यांचा रोग या दोन कारणांनी, आणि ही दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात. त्यांपैकी हिरड्यांच्या रोगाचा विचार प्रस्तुत लेखात करू.

रोग कसा होतो?

दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांवर जंतूंचा चिकट थर जमू लागतो. दात आणि हिरडी जेथे मिळतात त्या कडेला तो अधिक साचतो. नुसती चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. तसाच राहिला तर लाळेतील क्षार त्यात बसून तो टणक होतो. यालाच आपण दातांवरचे किटण म्हणतो.

या थरामुळे हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते. ही रोगाची पहिली पायरी. ती सहसा दुखत नाही, म्हणून तिकडे लक्ष जात नाही. दुसऱ्या पायरीत हिरडी दातापासून सुटते, मधल्या फटीत घाण व पू साचतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतो. बोलीभाषेत याला पायरिया म्हणतात.

विद्यार्थ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. पहिल्या पायरीवरचा रोग पूर्ण बरा होतो. दुसऱ्या पायरीवरचा रोग उपचाराने थांबविता येतो, परंतु झिजलेले हाड सहसा पूर्ववत भरून येत नाही.

एक प्रयोग

डेन्मार्कमधील आरहूस येथे झालेला एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांनी दात घासणे बंद केले. सुमारे १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात स्वच्छ करू लागताच सूज उतरली. रोगाचे मूळ दातांवरच्या थरात आहे आणि उपाय आपल्याच हातात आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

तीन गैरसमज

१) रक्त येते म्हणून काहीजण तेथे घासणेच सोडतात. त्याने थर वाढतो व रोग बळावतो. मऊ ब्रशने ती जागा हळुवारपणे, पण रोज घासावी.

२) मशेरीने दात घट्ट होतात, असे अनेक माता-भगिनी मानतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने क्षणभर बरे वाटते, पण तलफ लागते, हिरड्यांना इजा होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे रोग लपून राहतो आणि आतून वाढतो.

३) किटण काढल्याने दात खिळखिळे होतात, ही भीतीही खरी नाही. हाड आधीच झिजलेले असते. किटणाचा आधार गेल्यावर ते जाणवते, एवढेच.

काय करावे?

सकाळी लोकल गाठण्याच्या घाईत दात नीट घासले जात नाहीत. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी घासणे कधीही चुकवू नये. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरपा धरून दोन मिनिटे दातांच्या सर्व बाजू घासाव्यात. राखुंडी, कोळसा किंवा विटेची पूड वापरू नये. त्याने दात झिजतात. दातांत अडकलेले काढण्यासाठी टाचणी वापरू नये.

मधुमेह असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. मधुमेहाने हिरड्यांचा रोग वाढतो आणि हिरड्यांच्या रोगाने साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. अशा वेळी दाताच्या डॉक्टरांना दाखविण्यास भिऊ नये.

आठवडा-दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबले नाही, तोंडाला दुर्गंधी येत असली किंवा दात हलू लागला, तर तपासणी करून घ्यावी. तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर मुळीच थांबू नये. शेलूच्या रहिवाशांनी प्रथम नेरळ किंवा कर्जत येथील सरकारी दवाखान्यात दंतसेवेची चौकशी करावी. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. आपल्याच लोकलने तेथे जाता येते.

तोंडाच्या स्वच्छतेचा विचार आपल्याकडे नवा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिलेली आहे आणि दातवण न करण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी येणे आणि अन्नाची गोडी न लागणे हे त्यांपैकी दोन. हिरड्यांचा रोगी आजही याच तक्रारी सांगतो.

विद्यार्थ्यांनी आज घरी जाऊन आई-वडिलांना आणि आजीला एवढेच विचारावे : दात घासताना रक्त येते का? उत्तर ‘हो’ आले, तर तो दात वाचविण्याची वेळ अजून गेलेली नसेल.