आधी मीटर, मग पाना

दहावीचा निकाल लागला की तळीये, बिरवाडी, पोलादपूरच्या घरांत तोच विषय निघतो: मुलाला मुंबईला धाडायचं, की इथंच काही शिकवायचं? मुलाचा किंवा मुलीचा जीव वायरिंगमध्ये रमत असेल, तर मी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम सुचवतो. "गॅरेजात काय भविष्य?" हा वडिलांचा प्रश्न ठरलेला. भविष्य आहे, पण ते दोष ओळखणाऱ्याला आहे. नुसते पार्ट बदलणारे पुष्कळ आहेत.

म्हणजे काय, ते पाहा. सकाळी मिनीडोरचा सेल्फ उचलत नाही. मालक म्हणतो, बॅटरी गेली, नवी टाक. जाणकार आधी मल्टिमीटर लावतो. रात्रभर उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली तर ती जवळपास रिकामी. पण रिकामी म्हणजे खराब नव्हे. ती चार्ज करून इंजिन सुरू केलं, की बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा वर सरकलाच नाही, तर पट्टा सैल आहे का, टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचलाय का, इंजिनची अर्थिंग सुटलीय का, हे बघायचं. हे सगळं ठीक असेल तरच आल्टरनेटर खोलून ब्रश, रेग्युलेटर, डायोड तपासायचे. चार्जिंगही बरोबर असेल, तर बंद गाडीत कोण करंट खातंय ते शोधायचं. नुसती अर्थिंग सुटली असताना ग्राहकाच्या गळ्यात नवी बॅटरी मारणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची जुनी सवय काही गॅरेजांत अजून आहे. आजच्या गाडीत त्या झटक्यानं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जळू शकतो. शिकाऊ मुलांनी ती उचलू नये.

या भागात काम कमी पडणार नाही. वरंध, आंबेनळी, कशेडी हे घाट, मुंबई-गोवा महामार्ग आणि पावसाळ्यात हेडलाइट, वायपर, पंखा यांचा एकदम पडणारा भार. जुलै २०२१ मध्ये तळीयेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, तेव्हाच महाड पुराच्या पाण्याखाली होतं. पुरात बुडालेल्या गाडीच्या आल्टरनेटरमध्ये चिखल शिरतो, कनेक्टर गंजतात आणि दोष कधी कधी महिन्यांनी वर येतो. तो शोधून काढणारा माणूस जवळपास हवाच.

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. काही ठिकाणी ऑटो इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सही मिळतो. नंतर अप्रेंटिसशिप करता येते. एसटीच्या कार्यशाळाही शिकाऊ उमेदवार घेतात. पुढं शिकायचं असेल, तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग आहे. इलेक्ट्रिक गाड्यांची धास्ती अनेक पालकांना वाटते. त्यातल्या बहुतेक गाड्यांतही बारा व्होल्टची बॅटरी असते. फक्त तिला आल्टरनेटरऐवजी डीसी-डीसी कन्व्हर्टर चार्ज करतो. मोठ्या व्होल्टेजचं काम मात्र वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय करू नये.

पालकांनो, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाला आठवडाभर एखाद्या चांगल्या वायरमनच्या हाताखाली बसवा. घरी आल्यावर काय दुरुस्त केलं ते विचारू नका. दोष कसा सापडला, ते विचारा.