यंत्र परत घेतले. स्ट्रिपचे पैसे कोण देणार?

रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र, म्हणजे ग्लुकोमीटर, आता आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत दिसते. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून नाशिकला डॉक्टरांकडे आलेला मधुमेही परतताना मेडिकलमधून यंत्र घेऊन जातो. खरा खर्च पुढे स्ट्रिपचा असतो आणि एका कंपनीच्या यंत्रात दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप चालत नाही. म्हणून दुकानदार सुचवतो, "आजोबा, दोन डब्या बरोबरच घेऊन ठेवा." सोबत सुयांचे पाकीट येते, कधी जादा पैसे घेऊन वाढीव हमीही दिली जाते.

समजा, यंत्र सदोष निघाले. दुकानदाराने यंत्राचे पैसे दिले. पण "डब्या चांगल्या आहेत, त्या परत होणार नाहीत" असे सांगितले. यंत्राशिवाय त्या डब्या घरात ठेवून करायचे काय?

आधी खात्री करा

यंत्राने चुकीचा आकडा दाखवला, की दोष यंत्राचाच असतो असे नाही. हाताला गूळ किंवा फळाचा रस लागलेला असेल, तर साखर जास्त दिसते. डबीचे झाकण उघडे राहिले, तर पावसाळी दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. मुदतही तपासावी. हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासणी करावी. त्याच वेळी प्रयोगशाळेत रक्त देऊन आकडे ताडून पाहावेत. साखर 100 च्या वर असताना साधारण 15 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. फरक वारंवार त्याहून मोठा येत असेल, तर यंत्र दुकानात न्यावे. तोपर्यंत त्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये. पैसे परत मिळतील. पण साखर एकदम उतरली, तर जिवावर बेतू शकते.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली झाला. त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष वस्तू परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, पैसे परत न करणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का मारून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.

आता जोडीच्या वस्तूंचे पाहू. "स्ट्रिप घेतल्या तरच यंत्र देऊ" अशी सक्ती झाली असेल, तर ती निर्बंधक व्यापारी प्रथा ठरते आणि तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. सक्ती नसली, तरी डब्या त्याच यंत्रासाठी, त्याच बिलावर घेतलेल्या असतात. यंत्राच्या दोषामुळे त्या निरुपयोगी झाल्या, म्हणून त्यांची किंमत नुकसानभरपाई म्हणून मागता येते.

मात्र दुकानदाराची बाजूही समजून घ्यावी. फोडलेली डबी तो दुसऱ्या रुग्णाला विकू शकत नाही, आणि विकूही नये. फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायचे इन्सुलिन घरी नेल्यावर कसे ठेवले, हे त्याला कळत नाही. वस्तू चांगली आहे, सक्तीही नव्हती, केवळ आपले मन बदलले, तर पैसे परत देण्याचे बंधन सहसा नसते.

तक्रार कशी करावी?

पक्के बिल घ्यावे. त्यावर यंत्र, स्ट्रिप, सुया, हमी यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. दोष आढळताच दुकानदाराला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेथेही प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुकान कुठेही असो, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. बिल, पत्राची प्रत व प्रयोगशाळेचा अहवाल जोडावा.

यंत्राची पहिली ताडणी होईपर्यंत एकच डबी घ्यावी, दुसरी फोडू नये. दुकानदाराने कितीही आग्रह केला, तरी "आठ दिवसांनी घेतो" म्हणायला संकोच कशाला? आपल्या घरातील वडीलधारी माणसे नेमकी इथेच भिडेला बळी पडतात. त्यांना एकटे पाठवू नका.