आधी माप, मग कात्री : नवशिक्यांसाठी शिवणकामाचे पहिले धडे



ऊस विकास विभागाच्या या पानावर या वेळी बेणे, खत, पाणी यांपैकी काहीच नाही. गटवार बैठकांना आता महिला सभासद आणि सभासदांच्या घरच्या भगिनीही येतात. लागवडीचे बोलणे आटोपले की एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, पोरीला शिवणकाम शिकवायचंय, मशीन कोणतं घ्यावं?" मशीनचा पैसा शेवटी उसाच्या बिलातूनच जातो. तेव्हा या प्रश्नाचा विचार याच पानावर करू.

उत्तर थोडक्यात असे : पहिला महिनाभर मशीन घेऊच नये. घ्यायचे ते एक इंचटेप, पेन्सिल, फूटपट्टी, जुनी वर्तमानपत्रे आणि घरातले जुने कपडे. ज्या घरी मशीन आधीच आहे, त्यांनीही सुरुवात इथूनच करावी. रुखवतात मांडलेले मशीन पुढे चादर टाकून कोपऱ्यात उभे आहे, अशी घरे आपल्या प्रत्येक गावात सापडतील. त्यात मशीनचा दोष नाही. अमेरिकेत १८४६ साली एलायस हाऊ याने आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने शिलाई मशीनचे पेटंट घेतले. तेव्हापासून आजतागायत घरगुती मशीनचे मुख्य काम एकच : वरचा सुईचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकवून दोन कापडे जोडणे. कपडा अंगाला बसेल की नाही, हे त्याआधी मापात आणि कापणीत ठरलेले असते. सरी वाकडी पडली तर ऊस कमीजास्त का होईना, येतो. कापड वाकडे कापले तर ते पुन्हा जोडून पहिल्यासारखे होत नाही.

धडा १ : माप

आपले बरेच सभासद गुरुवारी संभाजीनगरच्या छावणीच्या बाजाराला जातात. ही छावणी हैदराबाद कंटिंजंटच्या काळापासूनची. जिथे फौज तिथे वर्दी, आणि जिथे वर्दी तिथे शिंपी, हे सगळीकडचेच आहे. तयार कपड्यांवर आज जे ३८, ४०, ४२ असे आकडे असतात, त्या पद्धतीची पाळेमुळेही फौजेतच आहेत. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांसाठी लाखो वर्द्या शिवाव्या लागल्या. मापे घेता घेता असे आढळले की, ठरावीक छाती-कमरेच्या जोड्या पुन्हा पुन्हा येतात. युद्धानंतर पुरुषांचे तयार कपडे त्याच आधारावर निघू लागले.

पण ठरावीक साइज ही सरासरी असते. आपल्या राज्यात २०२४-२५ या शालेय वर्षी सरकारी शाळांच्या गणवेशाचे कापड राज्य पातळीवरून घेऊन शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना देण्यात आले. गणवेश उशिरा पोचले आणि कुणाला आखूड, कुणाला ढगळ अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. बायांना टीप मारता येत नव्हती असे म्हणता येणार नाही. पण मूल समोर नसताना बेतलेल्या कपड्याला चांगली टीपही वाचवू शकत नाही. आता काम गावाच्या समितीकडे आल्यामुळे, जिला पोरांची मापे बिनचूक घेता येतात तिला गावातच संधी आहे.

माप घेताना हे पाळावे :

१. माप अंगाला लागून घ्यावे, पण टेप आवळू नये. टेपच्या आत दोन बोटे सरकली पाहिजेत.
२. छातीचे माप काखेखालून, टेप पाठीमागे घसरू न देता घ्यावे.
३. खांद्याचे माप पाठीमागून, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत.
४. प्रत्येक माप दोनदा घेऊन लगेच वहीत लिहावे, सोबत तारीख टाकावी. मुलाचे माप सहा महिन्यांत बदलते.

धडा २ : चित्र

फॅशनचे पुस्तक किंवा मोबाईलवरचे डिझाइन पाहून मुली हरखतात, आणि तसेच कापायला जातात. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. माणसाची उंची साधारण त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते. फॅशनच्या चित्रात ती मुद्दाम नऊ पट किंवा त्याहून जास्त काढतात, आणि वाढवतात ते मुख्यतः पाय. ते चित्र कपडा शोभून दिसावा म्हणून असते. त्यावरून माप काढायचे नसते.

नवशिक्यांनी कपडा जमिनीवर पसरला आहे असे समजून त्याचे सपाट चित्र काढावे. पुढची बाजू वेगळी, पाठ वेगळी. गळा केवढा, शिवण कुठे, टक कुठे, चुण्या किती, बटणे किती हे सगळे त्यात दाखवावे. चित्रकला चांगली नसली तरी चालते. आपण जमिनीचा नकाशा पाहतो तेव्हा बांध आणि विहीर कळली की झाले, तसेच हे आहे.

याहून सोपा उपाय म्हणजे अंगाला नीट बसणारा, पण आता फाटलेला एखादा ब्लाऊज घ्यावा. ब्लेडने त्याच्या शिवणी उसवाव्यात, तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवावेत आणि कडेने पेन्सिल फिरवावी. मुंढ्याचा बाक पुढून जास्त खोल आणि मागून कमी का असतो, हे पुस्तक न वाचताही डोळ्यांना दिसते.

धडा ३ : कागदावर बेतणे

पहिला कपडा म्हणून लहान बाळाचे बिनबाहीचे झबले घ्यावे. धरा छाती २० इंच, उंची १४ इंच.

छातीचा चौथा भाग ५ इंच, त्यात ढिलाई १½ इंच, म्हणजे ६½ इंच. कागदावर ६½ इंच रुंद आणि १४ इंच उंच चौकट आखावी. चौकटीची डावी उभी रेघ म्हणजे अंगाचा मध्य. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आडवे १¾ इंच गळ्याची रुंदी. खाली गळ्याची खोली पुढच्या भागाला २ इंच, पाठीला १ इंच. त्याच कोपऱ्यापासून आडवे ४¼ इंच गेल्यावर अर्धा इंच खाली उतरून खांद्याचे टोक. उजव्या रेघेवर वरून ५ इंच खाली मुंढा. खांद्याच्या टोकापासून तिथवर गोल बाक द्यावा. पुढचा आणि पाठीचा असे दोन कागद करावेत.

शिवणीसाठी बाजूला ½ इंच, खांद्याला ½ इंच आणि खालच्या दुमडीला १½ इंच जास्त ठेवावे. पाठ मधोमध उघडी राहणार, म्हणून तिथे बटणपट्टीसाठी १ इंच वाढवावा. गळ्याला आणि मुंढ्याला उरेप पट्टी लागणार, तिथे वाढ नको.

आता कापडाचा हिशेब. ३६ इंच पन्ह्याचे कापड उभे दुमडले की १८ इंच राहते. घडीच्या बाजूला पुढचा भाग ७ इंच, त्याशेजारी पाठ ८ इंच, एकूण १५ इंच. लांबीला १६ इंच लागतात, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आत काम भागते. उरलेल्या तुकड्यांतून जोड देऊन उरेप पट्ट्या निघतात. हा हिशेब दुकानात जाण्याआधी कागदावर झाला, तर एक मीटर कापड विनाकारण घ्यावे लागत नाही.

धडा ४ : कापड

सुती कापड धुतल्यावर आटते. म्हणून कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करावी. उभा धागा कापडाच्या किनारीला समांतर असतो, तो कपड्याच्या उंचीकडे यावा. आडवा धागा थोडा ताणतो, आणि तिरकस म्हणजे उरेप सर्वांत जास्त ताणते. म्हणूनच गोल गळ्याला उरेप पट्टी वळते, सरळ पट्टीला घड्या पडतात. कागद टाचण्यांनी लावून, खडूने रेघ मारून, मगच कात्री चालवावी. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते.

धडा ५ : मशीन

इथवर आल्यावर शेजारणीच्या किंवा वर्गातल्या मशीनवर बसावे. पहिले काही दिवस दोरा न ओवता, वहीच्या रेघी कागदावर सुई चालवावी. भोके रेघेवरच पडली पाहिजेत. मग गोल रेघा, मग कोपरे. कोपऱ्यावर सुई कागदात खाली ठेवून, दाबाचा पाय उचलून वळावे. हे जमले की जुन्या धोतराच्या तुकड्यावर दोरा ओवून टीप मारावी. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाडाला १६, पातळाला ११. इंचाला दहा-बारा टाके ठीक. खालून दोऱ्याचे झुपके आले तर बहुधा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो. मिस्त्रीला बोलावण्याआधी तेवढे पाहावे.

शिकावे कुठे, आणि कर्जाचे काय

जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतून महिलांसाठी शिवणकामाचा सुमारे महिनाभराचा वर्ग मोफत चालतो. पुढे शिकायचे असेल तर आयटीआयमध्ये शिवणकाम व फॅशन डिझाइनचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत.

पी. एम. विश्वकर्मा योजनेबद्दल बरीच विचारणा होते. ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. पण ही योजना आधीपासून तो व्यवसाय हाताने करणाऱ्यासाठी आहे. ज्याने कात्रीच धरली नाही, त्याने केवळ १५,००० साठी फॉर्म भरू नये. चालू अटी गावच्या सुविधा केंद्रावर विचारून घ्याव्यात.

मशीन केव्हा घ्यावे

वहीत प्रत्येक कपड्याचा हिशेब मांडावा : कापड, दोरा, बटणे आणि लागलेले तास. दहा कपडे स्वतः मापून, बेतून, शिवून झाले, त्यांतले निदान सात उसवावे लागले नाहीत, आणि शेजारच्या दोघी-तिघींनी पैसे देऊन काम दिले, तर मशीन जरूर घ्यावे. सुरुवातीला साधे पायमशीन पुरते. वीज गेली तरी ते चालते, आणि आपल्याकडे वीज किती जाते हे सांगायला नको. उचल घेऊन मोटारीचे, भरतकामाचे महागडे मशीन पहिल्याच वर्षी घेऊ नये.

पाऊस कमी झाला की आपल्या भागात ऊस घटतो आणि बिलही घटते. अशा वर्षी घरात शिवणाचे चार पैसे आले तर किराणा उधारीवर जात नाही. मात्र ते पैसे येतात शिकलेल्या हातांमुळे. पुढच्या गटवार बैठकीला ज्या भगिनी येतील, त्यांनी आपले कागदी झबले सोबत आणावे. टेप मी आणतो, मापे सगळे मिळून तपासू.

— ऊस विकास अधिकारी