अवधाण आले तर आधी जखम पाहा
(आरोग्य पाठ : शरीरातील लसिका संस्था आणि रोगप्रतिकारशक्ती)



गळीत हंगाम सुरू झाला की फडात कोयता चालू लागतो. पाचटाने हात कापतात, उसाचा बुडखा तळपायात घुसतो. जखम बोटभराचीच, म्हणून आपण वर चिंधी बांधतो आणि कामाला लागतो. दोन-तीन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ येते, पाय जड होतो, अंगात कणकण भरते. "अवधाण आलंय" म्हणून घरात कोणी गाठ चोळते, कोणी लेप घालते. जखमेकडे मात्र कोणी बघत नाही. आता जखम पायाला असताना गाठ जांघेत का यावी? याचा उलगडा झाला, तर काय करायचे आणि काय टाळायचे हे प्रत्येक सभासदाला समजेल. त्यासाठीच हा पाठ.

शरीरातील निचरा

आपण उसाला पाणी देतो, पण चर नसेल तर जमीन काही वर्षांत चोपण होते, हे आपल्याला सांगायला नको. शरीराचेही तसेच आहे. हृदय रक्त सर्वत्र पोचवते. बारीक केशवाहिन्यांतून त्यातले पाणी पाझरून पेशींना मिळते. बहुतेक पाणी रक्तात परत जाते, पण दिवसाकाठी सुमारे दोन ते तीन लिटर मागे उरते. हे उरलेले पाणी वाहून नेण्यासाठी शरीरभर जे बारीक चर आहेत, त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात आणि त्यांतील फिकट पाण्यासारख्या द्रवाला लसिका म्हणतात. हे सर्व चर एकत्र येत येत मानेच्या बुडाशी मोठ्या नीलांना मिळतात आणि लसिका पुन्हा रक्तात जाते.

इटलीतील वैद्य गास्पारे आसेल्ली यांना १६२२ साली नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ पांढरे धागे दिसले. ते कापताच दुधासारखा द्रव आला. जेवणातील स्निग्ध पदार्थ याच वाहिन्यांतून रक्ताकडे जात असतात, त्यामुळे तो रंग.

या निचऱ्याला हृदयासारखा वेगळा पंप नाही. वाहिन्या स्वतः थोड्या आवळतात, चालता-फिरताना स्नायूंचा दाब पडतो आणि आतल्या झडपा लसिका मागे फिरू देत नाहीत. पाय लोंबकळत ठेवून दिवसभर बसले की संध्याकाळी पाय सुजतात, त्याचे एक कारण हेच.

चराच्या वाटेवरील गाळण्या

लसिका थेट रक्तात गेली तर जखमेतले जंतूही सोबत जातील. म्हणून वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या लसिकाग्रंथी आहेत. शरीरात त्या सुमारे सहाशे असतात. पायाची लसिका जांघेतील ग्रंथींत येते, हाताची व स्तनाची मुख्यतः काखेतील, आणि तोंड, घसा व डोक्याची मानेतील ग्रंथींत. टॉन्सिल आणि पानथरी हीदेखील याच संस्थेची अंगे.

लढाई कशी होते?

पहिले कुंपण म्हणजे कातडी. ती फाटली की जंतू आत शिरतात. तेथे पांढऱ्या पेशी धावून येऊन जंतूंना गिळतात. रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह यांनी १८८२ साली तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून हे प्रथम ओळखले. जखमेत होणारा पू म्हणजे बहुतांशी या लढाईत मेलेल्या पेशी.

त्याच वेळी दुसऱ्या काही पेशी जंतूचा तुकडा घेऊन लसिकेवाटे ग्रंथीकडे निघतात. चिटबॉयने फडावरची नोंद घेऊन गट ऑफिसात यावे, तसे हे काम. ग्रंथीत असंख्य लसिकापेशी असतात आणि प्रत्येकीला एखाद्याच नमुन्याची ओळख पटते. ज्यांना आलेला तुकडा ओळखू येतो, त्या भराभर वाढतात. म्हणून गाठ फुगते व दुखते. आपले अवधाण ते हेच. पुढे यातल्या काही पेशी प्रतिपिंडे तयार करतात, तर काही रोगाने पछाडलेल्या पेशींना मारतात.

पहिल्यांदा आलेल्या जंतूसाठी या तयारीला आठवडाभर किंवा जास्त वेळ लागतो. लढाई संपली तरी काही पेशी आठवण ठेवून वर्षानुवर्षे राहतात. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, तो यामुळे. लस टोचणे म्हणजे रोग न होऊ देता ही आठवण तयार करणे. जेन्नर यांनी १७९६ मध्ये देवीवर हा मार्ग दाखवला आणि १९८० मध्ये देवी रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

धनुर्वात मात्र एकदा होऊन बरा झाला, तरी त्याची आठवण राहत नाही. त्याचे विष इतक्या थोड्या प्रमाणात घात करते की, शरीराला धडा मिळायला ते पुरत नाही. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, म्हणजे आपल्या रोजच्या पायाखाली. येथे इंजेक्शनाशिवाय संरक्षण नाही.

गाठ जीवावर कधी बेतते?

१८९६ साली मुंबईत आणि पुढे पुण्यात प्लेग आला, तेव्हा लोक त्याला गाठीचा रोग म्हणत. पिसू पायाला चावली की जांघेत गाठ येई. तेथे जंतू ग्रंथीलाही पुरून उरत आणि रक्तात शिरत. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

साध्या जखमेतही जंतू असेच वरचढ होऊ शकतात. जखमेपासून वर जांघेकडे वा काखेकडे तांबडी रेघ चढू लागली, थंडी वाजून ताप आला, तर तो लसिकावाहिनीचा दाह समजावा. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाने तर तासभरही दवडू नये.

हत्तीरोगात डासांवाटे शिरलेले जंत या वाहिन्यांतच घर करतात. निचरा बिघडतो आणि पाय कायमचा सुजतो. विदर्भातील काही जिल्ह्यांत हा रोग आढळतो. जेथे सरकारी मोहिमेत त्याच्या गोळ्या मिळतात, तेथे त्या समोरच खाव्यात, खिशात ठेवू नयेत.

दुखरी गाठ लवकर लक्ष वेधते. न दुखणारी गाठ लोक महिनोन्‌महिने अंगावर काढतात, आणि तीच अनेकदा जास्त धोक्याची असते. मानेतील गाठी क्षयाच्या असू शकतात. जुने लोक त्यांना गंडमाळा म्हणत. हा क्षय औषधाने बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. तंबाखू, मिश्री वापरणाऱ्याच्या मानेत किंवा बाईमाणसाच्या काखेत घट्ट, न दुखणारी गाठ आली, तर कर्करोगाची तपासणी व्हायलाच हवी. संकोचापायी घरातल्या बायका सांगत नाहीत. त्यांना आपणहून विचारावे.

एवढे लक्षात ठेवा

१. जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने धुवा. माती, शेण, चुना, तंबाखू लावू नका.
२. जखम मातीने भरलेली वा खोल असेल आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन ५ वर्षे उलटली असतील किंवा आठवतच नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ते घ्या.
३. अवधाण चोळू नका, डागू नका, फोडू नका. पायाला, बोटांच्या बेचक्यांत जखम कोठे आहे ते शोधा व तिच्यावर इलाज करा.
४. तांबडी रेघ, थंडी-ताप दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
५. कोणतीही गाठ दोन-तीन आठवड्यांत न विरल्यास तपासून घ्या.
६. हे नियम आपल्या फडात राबणाऱ्या तोडणी मजुरांनाही सांगा. ते घरापासून लांब आलेले असतात, त्यांच्या जखमेची चौकशी आपणच करायची.