डॉ. हेंच यांचे संधिवातावरील संशोधन

ऱ्हुमॅटॉइड संधिवात ऐन तारुण्यातही सांधे जखडतो. १९२९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एका रुग्णाने डॉ. फिलिप हेंच यांना सांगितले, की कावीळ झाली आणि सांधेदुखी थांबली. दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेले असते! हेंच यांनी अशा रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. गरोदरपणातही आराम पडतो, हे त्यांना दिसले. शरीरातलेच एखादे द्रव्य हे करीत असावे, असा त्यांनी तर्क केला. सप्टेंबर १९४८ मध्ये, सहकारी केंडॉल यांनी शोधलेले कॉर्टिसोन त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या स्त्रीला टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० च्या नोबेल पारितोषिकात दोघेही वाटेकरी झाले. आम्हाला मात्र त्यांचा १९४९ चा निबंध अधिक मोलाचा वाटतो. औषध थांबवले की दुखणे परतते, हे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले होते.