सुट्टीतील प्रवास : तिकीट, मुक्काम आणि पैसा

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळविण्याच्या उद्देशाने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या लुटीत त्यांच्याजवळची पुंजी गेली. घरी परतले तेव्हा हाती राहिली ती मुख्यतः गंगेची कावड. १९०७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक इतिहासाचे साधन म्हणून वाचले जाते. परंतु प्रवासातील पैसा हा विषय मनाशी धरून ते चाळले, तर त्या काळच्या यात्रेकरूची खरी चिंता रस्त्याची नव्हती, कनवटीच्या रोकडीची होती, हे ध्यानात येते. सावकाराच्या पेढीची हुंडी हा त्यावरचा जुना उपाय. पुढे प्रवासी धनादेश आले, मग एटीएम आले, आता भ्रमणध्वनीवरून क्षणात पैसे देता येतात. चिंता मात्र संपलेली नाही. तिने केवळ रूप पालटले आहे.

आजच्या प्रवाशाला कोठे जपावे लागते हे पाहण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. मुंबईचे एक चौकोनी कुटुंब, सोबत सत्तरीच्या आजी, आणि दिवाळीच्या सुट्टीत काशी-प्रयागची यात्रा. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला हा प्रवास आहे, आणि सुट्टीच्या प्रवासातील बहुतेक अडचणी त्यात हमखास भेटतात.

तिकिटाचे गणित

रेल्वेच्या आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे दिवाळीच्या गाड्यांचे आरक्षण साधारणतः गणपतीच्या सुमारास खुले होते. घरात आरास चाललेली असताना हे काम विसरले जाते आणि मग तत्काळ तिकिटावर भिस्त ठेवावी लागते. तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता सुरू होते. त्यासाठी जादा आकार पडतो आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास परतावा मिळत नाही. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारशी पडताळणी झालेले खाते लागते. ही पडताळणी ऐन सकाळी पावणेदहाला करू पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. ती काही आठवडे आधी उरकून घ्यावी.

लवकर आरक्षण केल्याने भाडे कमी होते का? साध्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत नाही. तेथे लवकर आरक्षणाचा लाभ जागा मिळण्यापुरता. राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांच्या बहुतेक वर्गांत मात्र सप्टेंबर २०१६ पासून भरत गेलेल्या आसनांबरोबर भाडे चढत जाते. तेथे दोन दिवसांच्या दिरंगाईची किंमत मोजावी लागते. विमानाचे भाडे तर तासागणिक हलते. तरीही एक हक्क विसरू नये: तिकीट परतावा न मिळणाऱ्या प्रकारचे असले, तरी प्रवास रद्द झाल्यास त्यातील सरकारी कर व विमानतळाचे आकार विमान कंपनीने परत द्यावयाचे असतात. पुष्कळ प्रवासी ते मागतच नाहीत.

प्रतीक्षा यादीतील तिकिटाविषयी गैरसमज फार आहेत. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट तयार होईपर्यंत पूर्णतः प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. ते घेऊन आरक्षित डब्यात चढणे म्हणजे विनातिकीट प्रवास करणे होय. आरक्षण करतानाच ‘विकल्प’ योजना निवडली, तर दुसऱ्या गाडीत जागा मिळण्याची शक्यता वाढते. मात्र दुसरी गाडी एकदा मिळाली की मूळ गाडीवरचा हक्क जातो. गाडी तीन तासांहून अधिक उशिराने सुटणार असेल आणि प्रवास करावयाचा नसेल, तर पूर्ण भाडे परत मिळते. त्यासाठीचा अर्ज, म्हणजे टीडीआर, गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी भरावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे हक्काचे पैसे बुडतात.

तिकिटावरील तारखेचा घोळ वरवर हास्यास्पद वाटतो, पण तो वर्षानुवर्षे घडत आला आहे. मुंबईहून वाराणसीला जाणारी महानगरी एक्स्प्रेस मध्यरात्र उलटल्यावर सुटते. तिकिटावर १० तारीख असेल, तर घरातून ९ तारखेच्या रात्री निघावयाचे असते. १० तारखेच्या रात्री जेवणखाण आटोपून बाडबिस्तऱ्यासह स्थानकावर पोहोचलेल्या कुटुंबाची गाडी तेव्हा आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. दुसरा घोळ स्थानकांचा. वाराणसी जंक्शन, वाराणसी सिटी, काशी आणि बनारस ही चार निरनिराळी स्थानके आहेत. बनारस म्हणजे पूर्वीचे मंडुवाडीह. पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, अर्थात जुने मुघलसराय, हे तर गंगेच्या पलीकडे आहे. परतीची गाडी यांपैकी कोठून सुटते ते रिक्षात बसण्यापूर्वी वाचून घ्यावे.

आजींच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. परंतु साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना खालचा बर्थ उपलब्धतेनुसार देण्याची सोय कायम आहे. पाच जणांचे एकच तिकीट काढले, तर ही सोय बहुधा हुकते. आजींचे, किंवा फार तर आजी व त्यांच्या सोबतीच्या एका ज्येष्ठ व्यक्तीचे, तिकीट स्वतंत्र काढणे बरे. आरक्षणाच्या वेळी अवघ्या ४५ पैशांत ऐच्छिक प्रवासविमाही मिळतो. मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास त्याची भरपाई १० लाख रुपये आहे. मात्र विमा कंपनीकडून येणाऱ्या संदेशातील दुव्यावर वारसाचे नाव स्वतः भरावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

मुक्काम आणि खोटी दारे

काशीत कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळी असते. त्या सुमारास घाटाजवळच्या खोल्यांचे दर भडकतात. हाच मुक्काम आठवडाभर पुढे ढकलला, तर गंगा तीच, हवा अधिक गार आणि दर निम्म्याच्या आसपास, असा अनुभव पुष्कळांना येतो. खोलीच्या दरात कराचीही मेख असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर त्याहून एक रुपयाही अधिक असल्यास संपूर्ण रकमेवर १८ टक्के. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. शंभर रुपयांच्या फरकापोटी १,०९३ रुपये अधिक मोजावे लागतात!

याहून मोठा धोका खोट्या संकेतस्थळांचा आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना जाहीर इशारा दिला होता. केदारनाथचे हेलिकॉप्टर, सोमनाथचे अतिथिगृह, भाड्याच्या मोटारी, सहलींची पॅकेजे अशा नावांनी हुबेहूब संकेतस्थळे उभारून पैसे उकळले जात असल्याचे त्यात म्हटले होते. रीत साधारण ठरलेली असते. शोधयंत्रावर सर्वांत वर जाहिरात दिसते, तीवरील क्रमांकावर बोलणारी व्यक्ती अत्यंत अदबीने बोलते, ‘दोनच खोल्या उरल्या आहेत’ म्हणून घाई करते आणि पैसे व्यक्तिगत यूपीआय पत्त्यावर किंवा क्यूआर कोडवर मागते. पावतीही येते. दारात पोहोचल्यावर कळते की त्या नावाची नोंदच नाही. रात्री अकरा वाजता, लहान मुले व वृद्ध आजींसह परक्या गावी उभ्या असलेल्या कुटुंबाला गेलेल्या रकमेपेक्षा ती रात्र अधिक महाग पडते.

यावर उपाय फारसे अवघड नाहीत. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे आरक्षण आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरूनच करावे. देवस्थानांच्या निवासासाठी देवस्थानाच्याच संकेतस्थळावर जावे, आणि तेथील दूरध्वनीवर एकदा बोलून नोंद पक्की झाल्याची खात्री करावी. संस्थेच्या नावाने खाते असताना व्यक्तीच्या नावावर पैसे मागितले जात असतील, तर तेथेच थांबावे. पैसे ‘परत’ देण्यासाठी कोणी पिन टाकावयास सांगितले, तर तो ठकच समजावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही.

फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसण्यात वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि स्वतःच्या बँकेकडे त्याच क्षणी कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वीच ती गोठविता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने या बाबतीत ग्राहकाच्या जबाबदारीची रेषा स्पष्ट आखली. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकाला तोशीस लागत नाही, असे त्यात ठरले. मात्र ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर सूचना देईपर्यंतचे नुकसान त्याचे स्वतःचे, आणि सूचनेनंतरचे बँकेचे. म्हणजे दोन्ही परिस्थितींत महत्त्व आहे ते कळविण्याच्या वेळेला.

कनवटीचा पैसा

काशी विश्वनाथ एक्स्प्रेसने प्रवास करणाऱ्या एका व्यापाऱ्याने २००५ साली एक लाख रुपये कमरेच्या पट्ट्यात बांधून नेले होते. झोपेत ते चोरीला गेले. ग्राहक मंचाने रेल्वेला भरपाई देण्यास सांगितले, वरच्या आयोगांनी तो निर्णय उचलून धरला; पण जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. प्रवाशाला स्वतःजवळच्या वस्तू सांभाळता आल्या नाहीत, तर ती रेल्वेच्या सेवेतील त्रुटी ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अठरा वर्षांच्या लढ्यानंतर हाती काही आले नाही. मोठी रोकड बाळगण्याविरुद्ध याहून बोलका दाखला शोधण्याची गरज नाही.

तरी अगदी रिकाम्या खिशानेही निघू नये. घाटावरच्या गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते, नावाडी व फुलवाला सुटे मागतात. दोन-तीन दिवसांच्या किरकोळ खर्चाइतकी रोकड, तीही दोघा-तिघांकडे विभागून, पुरेशी होते. उरलेल्या पैशासाठी एक युक्ती अनेक शाखांतील कर्मचारी आपल्या खातेदारांना सुचवितात. पगाराचे किंवा मुख्य बचतीचे खाते प्रवासात यूपीआयला जोडलेले ठेवू नये. त्याऐवजी एका दुसऱ्या बचत खात्यात प्रवासाच्या खर्चाची रक्कम ठेवून तेच खाते जोडावे. मोबाइल गेला किंवा पिन कोणी टिपला, तरी नुकसानीला मर्यादा पडते. किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट सोयीचे. त्यात एका वेळी ५,००० रुपयेच राहू शकतात आणि एकेक व्यवहार १,००० रुपयांपर्यंतच होतो.

कार्डाबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांमुळे ग्राहकाच्या हाती एक उत्तम किल्ली आली आहे. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार ग्राहकाला हवे तेव्हा बंद वा चालू करता येतात आणि त्यांची मर्यादाही ठरविता येते. स्पर्शविरहित व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. गर्दीच्या ठिकाणी जाण्यापूर्वी ही सोय बंद ठेवणे शहाणपणाचे. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढण्याचा मोह मात्र आवरावा. खरेदीला असते तशी बिनव्याजी मुदत त्या रकमेला नसते. काढल्या दिवसापासून व्याज चालू होते, वर शुल्क वेगळेच. त्यापेक्षा वर्षभर आधी महिना २,५०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली, तर यात्रेच्या वेळी ३०,००० रुपये मुद्दल आणि त्यावरचे व्याज हाताशी असते.

गाडीत रात्री सामान खालच्या बर्थखालील कड्यांना साखळीने बांधावे, आणि औषधे, ओळखपत्र व मोबाइल उशाशी ठेवावेत. चोरी झाल्यास प्रवास मोडण्याचे कारण नाही; तक्रारीचा अर्ज तिकीट तपासनीस किंवा सुरक्षा दलाच्या जवानाकडे चालत्या गाडीतच देता येतो. १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आणि ११२ हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक आजींच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरही लिहिलेले असावेत. फलाट बदलल्याची घोषणा होताच जिन्यावर धाव घेऊ नये. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी कुंभमेळ्याच्या गर्दीत नवी दिल्ली स्थानकावर फलाटांविषयीच्या गोंधळातून झालेल्या चेंगराचेंगरीत अठरा जणांचे प्राण गेले. वृद्ध व मुले सोबत असतील, तर त्या गाडीवर पाणी सोडलेले परवडते.

मागे राहिलेले घर

प्रवासाचा आनंद बंद घराच्या काळजीने उणावू नये. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार यांमुळे लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तींसाठी मात्र ती नसते. शेजाऱ्यांना परतीची तारीख सांगावी. घाटावरची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणे घरी परतेपर्यंत लांबवावे.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पासबुक भरून घ्यावे आणि प्रवासातील प्रत्येक नोंद ताडून पाहावी. एखाद्या एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, असे आढळल्यास शाखेत जाऊन तशी तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार ही रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत खात्यात परत जमा व्हावयास हवी. त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळते.